धोका असतो तो सांध्यांवर

मनोरुग्णालयात दाखल असलेल्या रुग्णाचा आत्महत्येने मृत्यू झाला, की सगळ्यात आधी केस पेपरवरची शेवटची नोंद उघडली जाते. तिथे बहुतेक वेळा एकच ओळ असते : ‘रुग्ण शांत. आत्महत्येचे विचार नसल्याचे सांगतो.’ ही ओळ लिहिणाऱ्या सिस्टरने किंवा निवासी डॉक्टरने खोटं लिहिलेलं नसतं. विचारलं, रुग्ण ‘नाही’ म्हणाला, लिहून ठेवलं. पुढे चौकशी समिती तीच ओळ वाचते. मग एकतर ‘पूर्वकल्पना येणे शक्य नव्हते’ असा शेरा मारून फाइल बंद होते, नाहीतर त्या पाळीच्या सिस्टरला कारणे दाखवा नोटीस निघते. या दोन्हींमुळे पुढचा मृत्यू टळत नाही.

माझं म्हणणं असं आहे की, रुग्णालयातल्या आत्महत्या रोखण्याच्या नावाखाली आपण ‘यातला कोण जिवाचं बरंवाईट करून घेईल’ हे ओळखण्याच्या मागे लागलो आहोत, आणि नेमकं तेच कुणाला ओळखता येत नाही. ओळखता येतात त्या वेळा आणि जागा. दाखल झाल्यानंतरचे पहिले काही दिवस, पाळी बदलतानाचा अर्धा तास, झोप न लागलेली पहाट, दोन दिवसांसाठी घरी सोडलेला रुग्ण, आणि सगळ्यात वाईट म्हणजे डिस्चार्जनंतरचा पहिला आठवडा. रुग्ण एका हातातून दुसऱ्या हातात जातो तिथे तो निसटतो. तेव्हा माणसं, वेळ आणि पैसा या सांध्यांवर लावायला हवा.

ओळखता येत नाही, हे मी वैतागून म्हणत नाही. अमेरिकेत अ‍ॅलेक्स पोकॉर्नी या मनोविकारतज्ज्ञाने माजी सैनिकांच्या रुग्णालयात ओळीने दाखल झालेल्या ४,८०० रुग्णांची तपशीलवार तपासणी करून काही वर्षं त्यांचा मागोवा घेतला. त्यातल्या ६७ जणांचा आत्महत्येने मृत्यू झाला. हाताशी असलेलं प्रत्येक माप लावून बघितलं, तरी त्या ६७ जणांना आधी वेगळं काढणं जमलं नाही. प्रत्येक प्रयत्नात कितीतरी जण सुटले आणि ज्यांना काहीच होणार नव्हतं असे शेकड्यांनी यादीत आले. हा अभ्यास १९८३ चा. २०१७ साली गेल्या ५० वर्षांतले ३६५ अभ्यास एकत्र तपासले गेले, तेव्हाही निष्कर्ष तोच निघाला : भाकीत नाणेफेकीपेक्षा थोडंसंच बरं.

याच्यामागे साधं गणित आहे. समजा १०,००० दाखल रुग्णांपैकी १० जणांच्या जिवाला खरोखर धोका आहे आणि आपल्याकडे ८० टक्के अचूक चाचणी आहे. (एवढी अचूक चाचणी अस्तित्वात नाही, पण मानू.) ती त्या दहातल्या ८ जणांना पकडेल. उरलेल्या ९,९९० पैकी २० टक्के, म्हणजे १,९९८ जणांवरही ‘धोका’ असा शिक्का मारेल. दोन हजार सहा शिक्क्यांमधले खरे आठ. कोणत्याही वॉर्डात २,००६ जणांवर सारखं लक्ष ठेवता येत नाही, म्हणून तो शिक्का काही दिवसांत निरर्थक होतो. आणि ‘कमी धोका’ म्हणून बाजूला काढलेल्या गठ्ठ्यात दोन जण राहिलेलेच असतात. त्यांच्याकडे आता कुणी बघतच नाही. उपचारांचे निकष ठरवणाऱ्या ब्रिटनच्या ‘नाइस’ या संस्थेने सप्टेंबर २०२२ च्या मार्गदर्शक सूचनांमध्ये स्पष्ट सांगितलं की, पुढे काय होईल हे ठरवण्यासाठी गुणांकनाच्या पट्ट्या वापरू नका आणि रुग्णांना ‘कमी, मध्यम, जास्त’ अशा खणांत टाकू नका. आपल्याकडे मात्र मान्यतेच्या तपासणीला फाइल पूर्ण दिसावी म्हणून नेमका तोच तक्ता भरला जातो.

मग रुग्णाला आत्महत्येबद्दल विचारूच नये का? विचारायलाच हवं, स्पष्ट शब्दांत आणि एकांतात. विचारल्याने विचार डोक्यात घुसतो, ही समजूत चुकीची आहे. पण ‘नाही’ या उत्तरावर विसंबून राहू नये. रुग्णालयात किंवा डिस्चार्जनंतर लगेच मृत्यू झालेल्या ७६ रुग्णांच्या नोंदी अमेरिकेत तपासल्या गेल्या. तो अभ्यास २००३ मध्ये प्रसिद्ध झाला. ज्यांचं या विषयावरचं शेवटचं बोलणं नोंदलेलं होतं, त्यांच्यातल्या ७८ टक्के रुग्णांनी असे विचार नसल्याचं सांगितलं होतं. त्याच नोंदींमध्ये आणखी एक गोष्ट होती. ७६ पैकी ६० जणांमध्ये शेवटच्या आठवड्यात तीव्र अस्वस्थता किंवा चिंता दिसत होती. म्हणजे तोंड नाही म्हणत होतं आणि शरीर सांगत होतं.

हे शरीराचं सांगणं कुठल्याही वॉर्डात दिसतं. पहाटे तीनला रुग्ण पलंगावर बसलेला असतो, उठतो, दारापर्यंत जातो, परत येतो. पाय जागच्या जागी हलत असतात. सिस्टर झोपायला सांगते, तो पाच मिनिटं आडवा होतो आणि परत उठतो. सकाळच्या नोंदीत लिहिलं जातं : ‘रात्री झोप कमी.’ किती तास झोप, कितीदा उठला, उठून काय करत होता, हे कुठेच नसतं. माझ्या मते प्रत्येक रुग्णाच्या झोपेचे तास दर सकाळी आकड्यात लिहिले गेले, तर त्याचा उपयोग धोक्याच्या तक्त्यापेक्षा जास्त होईल. सलग दोन रात्री चार तासांहून कमी झोप झाली की त्याच दिवशी वरिष्ठ डॉक्टरने रुग्णाला स्वतः बघावं, असा साधा नियम करायला एक रुपया लागत नाही.

या येरझाऱ्यांचं एक कारण तर आपणच दिलेलं असतं. हॅलोपेरिडॉलसारखी मनोविकारावरची औषधं सुरू केल्यावर किंवा त्यांचा डोस वाढवल्यावर काही दिवसांत काही रुग्णांना आतून विलक्षण तगमग सुरू होते. त्यांना बसवत नाही आणि उभंही राहवत नाही. वैद्यकीय भाषेत याला अकॅथिसिया म्हणतात. ही तगमग इतकी असह्य असते की रुग्णाला जगणं नकोसं होतं. वॉर्डात तिचा अर्थ ‘आजार वाढला’ असा लावला जातो, संध्याकाळी त्याच औषधाचं आणखी एक इंजेक्शन दिलं जातं आणि रात्री तगमग दुप्पट होते. रुग्णाला फक्त दोन प्रश्न विचारायचे असतात : ‘पाय स्वस्थ बसू देत नाहीत का? हे नवीन गोळी सुरू झाल्यापासून आहे का?’ हो म्हणाला तर डोस कमी करणं, औषध बदलणं किंवा तगमग कमी करणारं प्रोप्रॅनोलॉल देणं, असे उपाय आहेत. हे दोन प्रश्न निवासी डॉक्टरइतकेच सिस्टरलाही ठाऊक हवेत, कारण रात्री तिथे तीच असते.

उपचार हाच आत्महत्या रोखण्याचा पहिला मार्ग आहे, हे सुरक्षेच्या गडबडीत मागे पडतं. स्किझोफ्रेनियाच्या ज्या रुग्णांमध्ये आत्महत्येची प्रवृत्ती दिसते, त्यांच्यासाठी क्लोझापिन या औषधाचा फायदा ९८० रुग्णांवरच्या चाचणीत २००३ मध्ये दिसला. रक्ततपासणीच्या कटकटीमुळे ते उशिरा आणि कमी रुग्णांना दिलं जातं. तीव्र नैराश्यात खाणंपिणं सुटलेल्या, जिवावर उदार झालेल्या रुग्णाला भूल देऊन केलेली विद्युत उपचारपद्धती, ज्याला लोक ‘शॉक’ म्हणतात, अनेकदा औषधांपेक्षा लवकर सावरते. तिच्याबद्दलची भीती समजून घेऊन नातेवाइकांशी नीट बोललं, तर बरेच जण तयार होतात.

आता निरीक्षणाबद्दल. ‘दर १५ मिनिटांनी बघा’ असा आदेश केस पेपरवर लिहिला की डॉक्टरला आपलं काम झाल्यासारखं वाटतं. रात्री आठ ते सकाळी आठ ही पाळी धरा. वॉर्डातल्या आठ रुग्णांवर असा आदेश असेल, तर तासाला ४ फेऱ्या, १२ तास आणि ८ रुग्ण मिळून ३८४ नोंदी होतात. सोबत औषधं, इंजेक्शनं, एखादा नव्याने दाखल झालेला रुग्ण, एखाद्याची उलटी, दुसऱ्या वॉर्डातून आलेला फोन. एका सिस्टरकडून ३८४ नोंदी होत नाहीत, त्या ‘भरल्या’ जातात. सकाळी साडेसातला एकाच पेनाने, एकाच अक्षरात १०.००, १०.१५, १०.३० असा रकाना पूर्ण होतो. खऱ्या फेरीच्या वेळा कधी इतक्या गोल आकड्यांत येत नाहीत, १०.०७, १०.१९, १०.३६ अशाच येतात. तपासणाऱ्याने वही उघडताच हे कळायला हवं. आणि कळल्यावर सिस्टरला दम देऊ नये. आठ जणांवर हा आदेश लावायची खरंच गरज होती का, हे आदेश लिहिणाऱ्याला विचारावं.

ब्रिटनमध्ये मानसिक आरोग्यसेवेतल्या आत्महत्यांची देशपातळीवरची गोपनीय चौकशी मँचेस्टर विद्यापीठातून १९९० च्या दशकापासून अखंड चालू आहे. निरीक्षणाखाली असताना झालेले बहुसंख्य मृत्यू अधूनमधून बघण्याच्या आदेशाखालचे होते, आणि त्यातले निम्मे मृत्यू नवख्या किंवा रुग्णाची ओळख नसलेल्या कर्मचाऱ्यांच्या हातून निरीक्षण चालू असताना झाले, असं तिने दाखवून दिलं. यावरून घ्यायचा धडा उघड आहे. ज्याची काळजी वाटते, त्याच्याजवळ थोड्या काळासाठी का होईना, सतत माणूस हवा आणि तो रुग्णाला नावाने ओळखणारा हवा. लांबून डोकावणं हे निरीक्षण नव्हे. शेजारी बसून चार शब्द बोलणं, पत्त्यांचा डाव मांडणं, सोबत चहा घेणं हे निरीक्षण आहे. वॉर्डातल्या मावशी आणि मामा हे काम अनेकदा डॉक्टरांपेक्षा चांगलं करतात. पण त्यांना कुणी त्यासाठी शिकवत नाही, आणि त्यांना रुग्णाबद्दल जे कळतं ते लिहायला केस पेपरवर जागाच नसते.

पाळी बदलताना ‘ओव्हर’ दिली जाते, म्हणजे रुग्णांची माहिती पुढच्या पाळीला सांगितली जाते, तिचीही हीच तऱ्हा. वीस रुग्णांची ओव्हर दहा मिनिटांत टेबलापाशी उभ्या उभ्या उरकते : बेड सात आयव्ही चालू, बेड नऊ रक्त पाठवलंय, बाकी सगळे ठीक. ‘बाकी सगळे ठीक’ या तीन शब्दांमध्ये आज भेटीला येणार असलेली आई न आलेला मुलगा असतो, किंवा घटस्फोटाची नोटीस हाती पडलेली बाई असते. ओव्हर पलंगापाशी जाऊन द्यावी आणि प्रत्येक रुग्णाबद्दल ‘आज याच्या बाबतीत काय बदललं’ या एका प्रश्नाचं उत्तर द्यावं. तेवढ्या वेळात आधीच्या पाळीचा एक जण वॉर्डात फिरत राहिला पाहिजे. दोन्ही पाळ्या टेबलापाशी आणि वॉर्डात कुणीच नाही, हे दिवसातून तीनदा घडतं.

इमारतीचा भाग मी थोडक्यात सांगतो, कारण तो सगळ्यात सोपा असूनही सगळ्यात जास्त टाळला जातो. रुग्णालयातले मृत्यू बहुतेकदा रुग्ण एकटा असतो अशा जागी होतात. अमेरिकेतल्या माजी सैनिकांच्या रुग्णालयांनी २००७ पासून मानसोपचार वॉर्डांसाठी एक तपासणी यादी सक्तीची केली. खोली, न्हाणीघर, दारं, खिडक्या, छत, फर्निचर असा प्रत्येक भाग ठरावीक मुदतीने तपासायचा, दोष लिहायचा, किती दिवसांत दुरुस्त केला तेही लिहायचं. त्यानंतर तिथलं आत्महत्यांचं प्रमाण दर लाख दाखल रुग्णांमागे २.६४ वरून ०.८७ वर आलं. इंग्लंडने तर पलंगाभोवतीच्या आणि न्हाणीघरातल्या पडद्यांच्या पक्क्या दांड्या २००२ पर्यंत काढून टाकून, भार पडताच सुटणाऱ्या दांड्या बसवण्याचं बंधन सगळ्या मानसोपचार वॉर्डांवर घातलं.

आपल्याकडे अशी तपासणी सार्वजनिक बांधकाम विभागाच्या कनिष्ठ अभियंत्यावर सोडता येत नाही. गळती आणि वायरिंग त्याला दिसतं. एकटा पडलेला, हताश झालेला माणूस ही खोली कशी बघेल, ते त्याला दिसणं शक्य नाही. वॉर्डची सिस्टर, मनोविकारतज्ज्ञ, अभियंता आणि शक्य असेल तिथे पूर्वी दाखल राहिलेली एक व्यक्ती, अशा चौघांनी दर तीन महिन्यांनी फिरावं. प्रत्येक दार कर्मचाऱ्याला बाहेरून उघडता आलं पाहिजे. फिनेल आणि ॲसिडच्या बाटल्या न्हाणीघराच्या कोपऱ्यात राहता कामा नयेत. सामान्य रुग्णालयातला मानसोपचार वॉर्ड तळमजल्यावर हवा. तिसऱ्या-चौथ्या मजल्यावर तो केवळ ‘जागा रिकामी होती’ म्हणून नेलेला असतो. कृत्रिम श्वास देण्याची अंबू बॅग, ऑक्सिजन, सक्शन हे वॉर्डातच असावं आणि ते वापरण्याचा सराव रात्रपाळीनेही केलेला असावा. आणि सीसीटीव्हीला या यादीत स्थान नाही. स्क्रीनसमोर माणूस बसलेला नसेल, तर कॅमेरा फक्त नंतर पोलिसांना चित्रण पुरवतो.

सुरक्षेच्या नावाने दुसऱ्या टोकाला जाण्याचा मोह मोठा आहे. दारं बंद करा, सगळ्यांना सरसकट गाऊन घाला, बांधून ठेवा. २०१७ चा मानसिक आरोग्यसेवा कायदा, जो २९ मे २०१८ पासून लागू आहे, इथे आडवा येतो अशी कुरकूर ऐकू येते. तो आडवा येतो ते बरंच आहे. कलम ९७ नुसार एकांतकोठडी पूर्णपणे बंद आहे. रुग्णाला बांधणं हे तात्काळ होणारी इजा टाळण्याचा तो एकमेव मार्ग असेल तेव्हाच, प्रभारी मनोविकारतज्ज्ञाच्या परवानगीने, लागेल तेवढ्याच वेळापुरतं करता येतं. कारण, पद्धत आणि कालावधी लगेच नोंदवावा लागतो आणि रुग्णाने नेमलेल्या प्रतिनिधीला २४ तासांत कळवावं लागतं. ‘कर्मचारी कमी आहेत’ एवढ्या कारणासाठी बांधता येणार नाही, हेही कायद्यात शब्दशः लिहिलेलं आहे. स्वतःचे कपडे घालण्याचा रुग्णाचा हक्क कलम २० मध्ये आहे.

कायदा बाजूला ठेवला तरी पुरावा काय सांगतो? जर्मनीतल्या २१ रुग्णालयांच्या १५ वर्षांच्या नोंदींवरचा अभ्यास २०१६ मध्ये आला. कुलूपबंद वॉर्ड असलेल्या रुग्णालयांत आत्महत्या किंवा पळून जाण्याचं प्रमाण उघड्या दारांच्या रुग्णालयांपेक्षा कमी नव्हतं. ज्याला आपण बांधतो, तो सुटल्यावर मनातलं आपल्याला सांगत नाही, आणि पुढच्या वेळी दवाखान्याची पायरी चढत नाही. माणसाला हात-पाय बांधून जिवंत ठेवणं याला उपचार म्हणत नाहीत. आपल्या देशाने ते २००१ साली तमिळनाडूतल्या एरवाडीत पाहिलं आहे. साखळ्यांनी बांधलेले २८ मनोरुग्ण आगीतून बाहेर पडू शकले नाहीत.

भारतात लक्ष ठेवण्याचा एक तिसराच प्रकार आहे, तो म्हणजे नातेवाईक. सामान्य आणि खासगी रुग्णालयांत मानसोपचारासाठी दाखल करताना ‘२४ तास एक नातेवाईक सोबत पाहिजे’ ही अट असते. त्यापाठोपाठ एक कागद येतो : ‘रुग्णाच्या जिवाला धोका असल्याचे समजावून सांगितले आहे. लक्ष ठेवण्याची जबाबदारी आमची राहील.’ खाली सही किंवा अंगठा. काही ठिकाणी तर रुग्णाकडूनही ‘मी जिवाला काही करून घेणार नाही’ असं लिहून घेतात. या दोन्ही कागदांनी कुणाचा जीव वाचल्याचा पुरावा नाही. ते रुग्णालयाला वाचवण्यासाठी असतात, आणि न्यायालयात तेही काम फारसं करत नाहीत.

तीन रात्री खुर्चीत बसून काढलेली बायको चौथ्या रात्री डोळा लागला म्हणून गुन्हेगार ठरते का? पुढे आयुष्यभर ती स्वतःला तेच विचारत राहते. अमृतसरच्या मनोरुग्णालयात डॉ. विद्यासागर यांनी १९५० च्या दशकात रुग्णांच्या कुटुंबीयांना आवारात तंबू ठोकून राहायला बोलावलं, ते राखणदार म्हणून नव्हे, तर उपचारातले भागीदार म्हणून. भारतीय मानसोपचारातली ही एक मोठी गोष्ट आहे आणि आपण तिचं पहारेकरीपण करून टाकलं. नातेवाइकाला काय सांगायचं, तर नेमकं सांगायचं : झोप उडाली, वस्तू वाटून टाकायला लागला, ‘माझ्यामुळे तुम्हाला त्रास’ असं पुन्हा पुन्हा म्हणाला, अचानक फार शांत झाला, तर रात्र असली तरी सिस्टरला उठून सांगा. चहाला, आंघोळीला जाताना टेबलापाशी सांगून जा. तेवढा वेळ आम्ही बघू. आणि तेवढा वेळ खरंच बघायचं.

वॉर्डातली भाषाही इथेच मोजायला हवी. ‘नाटक करतोय’, ‘लक्ष वेधून घ्यायला करते’ हे शेरे रुग्णाच्या कानावर पडतात. ज्याने आज हे ऐकलं, तो उद्या त्याच सिस्टरला ‘मला फार वाईट विचार येतायत’ असं कसं सांगेल? केस पेपरवरची ‘नाही’ ही ओळ अनेकदा इथे जन्माला येते.

मृत्यू झाल्यावर पोलीस येतात, अकस्मात मृत्यूची नोंद होते, पंचनामा होतो, ते कायद्याने व्हायलाच हवं. पण ती चौकशी ‘कुणाचा दोष’ एवढंच विचारते. रुग्णालयाने स्वतःची वेगळी चौकशी करायला हवी, ज्यात दोन आठवड्यांच्या आत सगळ्या पाळ्यांचे कर्मचारी एकत्र बसून शेवटच्या ७२ तासांचा तासवार आलेख मांडतील. कुणी काय पाहिलं, कुणाला सांगितलं, कुठे ते थांबलं. ज्या सेवांमध्ये अशा घटनेनंतर सगळ्या शाखांनी मिळून आढावा घेण्याची आणि कुटुंबाला माहिती देण्याची पद्धत होती, तिथे आत्महत्यांचं प्रमाण कमी आढळलं, असं इंग्लंडमधल्या अभ्यासातून २०१२ मध्ये समोर आलं. सिस्टरला निलंबित करून मात्र एवढंच साधतं, की पुढच्या वेळी वही आणखी नीटनेटकी भरली जाते. त्या वॉर्डातल्या इतर रुग्णांशी त्याच दिवशी बोलावं लागतं, ही गोष्ट तर कुणाच्या डोक्यातच येत नाही. त्यांना सगळं कळलेलं असतं.

आणि आता सगळ्यात मोठा सांधा, डिस्चार्ज. वेगवेगळ्या देशांतले १०० अभ्यास एकत्र करून २०१७ मध्ये जे आकडे आले, ते प्रत्येक मनोविकारतज्ज्ञाच्या टेबलावर असावेत. मानसोपचार वॉर्डातून घरी गेलेल्यांमध्ये पहिल्या तीन महिन्यांत आत्महत्येचं प्रमाण एक लाख व्यक्ती-वर्षांमागे (एक माणूस वर्षभर पाहिला की एक व्यक्ती-वर्ष) १,१३२ इतकं होतं. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या आकड्यांनुसार भारतात २०२२ मध्ये हे प्रमाण एक लाख लोकसंख्येमागे १२.४ होतं. तुलना काटेकोर नाही, पण आवाका ध्यानात येतो. मँचेस्टरच्या चौकशीने हा काळ आणखी जवळून पाहिला : धोका पहिल्या एक-दोन आठवड्यांत सर्वाधिक, आणि त्यातही सगळ्यात जास्त मृत्यू डिस्चार्जनंतर तिसऱ्या दिवशी. यावरूनच इंग्लंडमध्ये घरी गेलेल्या रुग्णाशी सात दिवसांत संपर्क करण्याचा जुना दंडक बदलून तो ७२ तासांवर आणला गेला.

असं का होतं, हे समजायला संशोधन लागत नाही. वॉर्डात जेवण वेळेवर होतं, गोळी हातात मिळते, आजूबाजूला आपल्यासारखीच माणसं असतात. घरी जाताच कर्ज तिथेच असतं, भांडण तिथेच असतं, आणि आता गल्लीतल्या नजराही असतात. औषधांनी हातापायांत जोर आलेला असतो, पण मन अजून वर आलेलं नसतं. घरच्यांना वाटतं बरा झाला, एकदाचं सुटलो. ते कामाला लागतात.

आपलं डिस्चार्ज कार्ड बघा. निदान, तीन-चार औषधांची नावं, १-०-१, ३० दिवस, ‘पुढील तपासणी : एक महिन्यानंतर ओपीडीत.’ बस. नागपूरच्या प्रादेशिक मनोरुग्णालयातून सिरोंचाला किंवा पुण्याच्या येरवड्यातून मराठवाड्यातल्या एखाद्या वाडीवर निघालेल्या माणसाच्या हातात हा कागद आणि एक महिन्याच्या गोळ्यांची पिशवी असते. अंतर पाहता महिन्याच्या गोळ्या देण्यावाचून इलाज नाही, हे मान्य. पण मग त्या घरातल्या दुसऱ्या माणसाच्या हातात द्याव्यात, रोजच्या रोज काढून देण्याचं त्याला समजावून सांगावं, आणि जास्त मात्रेत घातक ठरणारं औषध शक्य तिथे बदलावं. शेतकऱ्याच्या घरी कीटकनाशक कुठे ठेवलं आहे, हा प्रश्न डिस्चार्जच्या आधी विचारलाच पाहिजे. ते घराबाहेर, कुलपात, शेजारच्याकडे हलवल्याची खात्री झाल्यावरच रुग्णाला गाडीत बसवावं. मानसिक आरोग्यसेवा कायद्याच्या कलम ९८ नुसार डिस्चार्जचं नियोजन रुग्ण, त्याचा प्रतिनिधी, ज्याच्या घरी तो राहणार ती व्यक्ती आणि पुढे उपचार करणारा डॉक्टर यांच्याशी बोलून करणं बंधनकारक आहे. हे कलम बहुतेक ठिकाणी नातेवाइकाच्या सहीपुरतं पाळलं जातं.

कार्डाच्या मागच्या कोऱ्या बाजूवर रुग्णाने स्वतःच्या शब्दांत एक सुरक्षा-योजना लिहावी. माझी वाईट वेळ येते तेव्हा आधी काय जाणवतं. तेव्हा मी एकट्याने काय करू शकतो, चालायला जाणं, भजन लावणं, अंगणात काम. कुठे जाऊन बसू शकतो. कोणाला सांगू शकतो, नाव आणि नंबरसह. कोणत्या डॉक्टरला किंवा सेवेला फोन करायचा. इथे वॉर्डाचा नंबर आणि टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६, जो ऑक्टोबर २०२२ पासून दिवसरात्र चालू आहे आणि मराठीतही बोलतो. शेवटी, घरातली कोणती गोष्ट माझ्यापासून दूर ठेवायची आणि ती कोण ठेवणार. याला अर्धा तास लागतो. लिहिता येत नसेल तर समाजसेवा अधीक्षकांनी रुग्णाचेच शब्द लिहावेत, त्याचं पुस्तकी मराठी करू नये.

नंतरचा संपर्क किती साधा असू शकतो, याची उदाहरणं आहेत. सॅन फ्रान्सिस्कोत डॉ. जेरोम मोटो यांनी, डिस्चार्जनंतर पुढचे उपचार न घेणाऱ्या ८४३ रुग्णांपैकी निम्म्यांना पाच वर्षांत २४ छोटी पत्रं पाठवली. पत्रात ‘तुमचं बरं चाललं असेल अशी आशा आहे, लिहावंसं वाटलं तर जरूर लिहा’ अशा आशयाच्या दोन ओळी. कसली मागणी नाही, तपासणीचं स्मरणपत्रही नाही. पहिल्या दोन वर्षांत त्या गटात आत्महत्या कमी झाल्या. जागतिक आरोग्य संघटनेने चेन्नईसह पाच देशांतल्या पाच ठिकाणी आत्महत्येचा प्रयत्न करून आपत्कालीन विभागात आलेल्या १,८६७ जणांवर अभ्यास केला. एका गटाला नेहमीचे उपचार, दुसऱ्याला त्यासोबत एक तासाचं बोलणं आणि १८ महिन्यांत नऊ वेळा फोन किंवा भेट. नेहमीच्या उपचारांच्या गटात २.२ टक्के जणांचा मृत्यू आत्महत्येने झाला, दुसऱ्या गटात ०.२ टक्के. हे संशोधन २००८ चं आहे. त्यातलं एक केंद्र आपल्याच देशात होतं, तरी आपल्या मनोरुग्णालयांत असा फोन करणारं पद आजही नाही.

ठाणे, पुणे, नागपूर आणि रत्नागिरी या चार प्रादेशिक मनोरुग्णालयांत मिळून मंजूर खाटा साडेपाच हजारांहून जास्त आहेत. यापैकी प्रत्येक ठिकाणी फक्त याच कामासाठी दोन परिचारिका आणि एक मोबाइल दिला, तर सुरुवात होते. गोव्यात तर बांबोळीच्या मनोरुग्णालयातून कुठल्याही तालुक्यातलं घर अर्ध्या दिवसात गाठून परत येता येतं. तिथे फोनऐवजी भेटच शक्य आहे. फोन त्याच वॉर्डातल्या ओळखीच्या सिस्टरने करावा, अनोळखी कॉल सेंटरने नव्हे. पहिला फोन दुसऱ्या दिवशी, दुसरा तिसरा दिवस संपायच्या आत, मग सातव्या आणि पंधराव्या दिवशी. विचारायचं काय? रात्री किती तास झोप लागली. गोळ्या कोण देतंय. जेवण काय झालं. घरात कोणाशी बोलणं होतंय. आणि शेवटी सरळ : जगणं नकोसं वाटलं का या दोन दिवसांत? दहा मिनिटं पुरतात. फोन उचलला नाही तर संध्याकाळी पुन्हा, मग नातेवाइकाला, आणि तरीही पत्ता लागला नाही तर जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमाच्या कार्यकर्त्याने किंवा गावच्या आशाताईंनी त्याच दिवशी दारात जाऊन बघावं. त्यासाठी रुग्णाची संमती आधीच घेतलेली असावी, आणि हा फोन कोण करणार त्याचं नाव डिस्चार्जच्या सहीच्या आधी केस पेपरवर लिहिलेलं असावं.